चढावर न आलेली माणसं

वर्ष संपत आलं की त्या संस्थेत कुणी आपलं काम स्वतः मांडायचं नाही, शेजारच्या खोलीतल्याचं मांडायचं, असा रिवाज होता. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला होता कोण जाणे. पुराच्या नकाशांवर काम करणाऱ्याने पक्ष्यांच्या आवाजांवर बोलायचं, पक्षीवाल्याने कायद्याच्या भाषेवर. ज्याचं काम मांडलं जातंय त्याने मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचं, आणि सगळं झाल्यावर उठून एकदाच काय ते उत्तर द्यायचं. याला सगळे ‘पालट’ म्हणत. इतक्या विषयांची माणसं वर्षभर एका छपराखाली आणून बसवायची, तर त्यांनी एकमेकांचं ऐकलं की नुसता फुकटचा चहा ढोसला हे कळायला नको का, असं संचालिकाबाईंचं म्हणणं. पालटावरूनच ठरायचं, की या पाहुण्या संशोधकांपैकी कुणाची फेलोशिप आणखी एक वर्ष चालणार आणि कुणी बोचकं उचलायचं.

आकडेबाईंच्या वाट्याला बुवा आले होते, आणि पालट परवावर आला तरी आकडेबाईंच्या तोंडाला चव नव्हती.

तशी काळजी त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. लहानपणी आई बाहेर गेली की ती परत येईपर्यंत त्या खिडकीत उभ्या राहायच्या, आणि ती आली की ‘एवढा वेळ का लावलास’ म्हणून तिच्यावरच डाफरायच्या. मोठेपणी खिडकी सुटली, सवय सुटली नाही. कुलूप लावून निघायचं, कोपऱ्यावरून परत फिरायचं, कुलूप ओढून बघायचं. आकड्यांकडे त्या वळल्या त्याही या भीतीपोटीच. आकडा एकदा पडताळला की पडताळला, तो कुलपासारखा मागून हाका मारत नाही, असं त्यांना वाटे. एका आडबाजूच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवत. तिथली मुलं हजेरी झाली की मागच्या दाराने पसार. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, एक मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. या फेलोशिपसाठी त्यांनी इतके अर्ज केले होते की नवरा म्हणायचा, “तुझा नकार आला नाही तर पोस्टमनलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.” शेवटी निवड झाली तेव्हा त्यांना आनंदाच्या आधी धास्ती वाटली, की दुसऱ्याच कुणाच्या जागी आपलं नाव चुकून तर आलं नसेल.

संस्था एका जुन्या टपाल कचेरीत होती. मोठ्या दालनात फळ्या ठोकून खोल्या पाडलेल्या आणि प्रत्येक खोलीला तिकिटं विकायची जुनी खिडकी. आकडेबाई आणि बुवा यांच्यामधे एवढी एक फळीच. बुवा या शहरातलेच, चिनी मातीच्या कपबशांच्या कारखान्यातल्या कामगाराचे चिरंजीव. त्या कारखान्यातल्या कामगारांच्या आठवणी ते गोळा करत. मास्तरकीची थोडी वर्षं उरली असताना राजीनामा फेकून इथे आले होते, कारण हे पुस्तक आता नाही झालं तर कधीच होणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. फळीपलीकडून दिवसभर त्यांनी नोंदवलेली म्हाताऱ्यांची बडबड ऐकू यायची, आणि मधूनच बुवांची दाद, जणू तो म्हातारा समोरच बसलाय.

घोळाचं मूळ होतं वर्षाच्या सुरुवातीच्या एका चहात. बुवा हातात कप घेऊन आकडेबाईंच्या खिडकीशी आले.

“बाई, एक गंमत ऐका. हे जुने कामगार म्हणतात, मातीची धूळ आम्ही पचवली. नवीन पोरं खोकतात, आम्ही नाही. म्हटलं खरं-खोटं करू. त्या समोरच्या फुप्फुसवाल्या डॉक्टरीणबाईंनी फुंकायची नळी दिली. फुंकवलं सगळ्यांना. आता हे आकडे आलेत, यांचं काय लोणचं घालू?”

“त्यात काय एवढं,” आकडेबाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं होतं. संस्थेत आल्यापासून पहिल्यांदा कुणी त्यांना काही विचारत होतं. “नव्यांचा एक गट करा, जुन्यांचा एक. दोन्हीकडचा मधला आकडा काढा आणि शेजारी ठेवा.”

ठेवला. जुन्यांचा दम नव्यांपेक्षा दांडगा निघाला. आकडेबाईंनी बेरीज, गट, सगळं पुन्हा पुन्हा तपासून दिलं. हिशेबात कुठे खोट नव्हती. बुवा फळीवर थापा मारत नाचायचे बाकी राहिले. त्यातून त्यांच्या पुस्तकाचं सर्वांत झकास प्रकरण उभं राहिलं, ‘धुळीशी सलगी’. कामगार म्हणजे बिचारा, खंगलेला, असं लिहिणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला हे प्रकरण आहे, असं बुवा सांगत फिरायचे. पालटात सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच असणार होतं.

पालट असा परवावर आला, त्या दिवशी आकडेबाईंनी ठरवलं, की बुवांचं काम मांडायचं तर ते चहाचं दुकान एकदा डोळ्यांनी बघून यावं. कारखान्याच्या फाटकासमोरचं हे दुकान म्हणजे बुवांचा अड्डा, नळी फुंकवली तीही इथेच. पाळी सुटली की जुने-नवे तिथे टेकायचे. जुन्यांतले कुणी अजून कामावर होते, कुणी निवृत्त होऊन सवयीने यायचे. बुवा शहरातून फाटकापर्यंत जाणारी बस पकडायचे. आकडेबाई चुकीच्या बसमधे चढल्या आणि खाली कामगारवस्तीच्या थांब्यावर उतरल्या. तिथून फाटक वर. रस्ता नुसता चढाचा, छातीवर येणारा. अर्ध्यात त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कानात ठोके वाजत होते. आपल्याला इथेच काही झालं तर कोण कुणाला कळवणार, हा विचार नेहमीप्रमाणे येऊन गेला. दुकानाशी पोचल्या तेव्हा बोलायची सोय राहिली नव्हती.

“चढाने पाणी पाजलं ना?” बाकावरचा एक म्हातारा म्हणाला. “बसा, बसा. ए, बाईंना पाणी दे. आम्ही रोज चढतो हा. म्हणून असे ठणठणीत. ते मास्तर आले होते नळी घेऊन, म्हणाले, आजोबा, तुमची छाती म्हणजे लोहाराचा भाता.”

“छातीचं माहीत नाही, जिभेला मात्र भाता आहे तुमच्या,” झिलई खात्यातली एक बाई म्हणाली. “सकाळपासून बंद नाही.”

“तुला काय करायचंय? तुझ्या घरी येऊन बोलतो का मी?”

आकडेबाई हसल्या. पाणी प्यायल्या. आणि बोलणं चालू ठेवायचं म्हणून, दुसरं काही मनात नसताना, विचारून बसल्या, “तुमच्याबरोबर लागलेले सगळे येतात का इथे?”

“छे. आता आम्ही दोघं-चौघंच.”

“बाकीचे?”

“ते खाली. घरी.”

“चहाला येत नाहीत?”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. “चढ कोण चढणार? आमचा गोणीवाला घ्या, भट्टीच्या तोंडाशी माझ्या शेजारी असायचा. त्याला खाटेवरून उठून दारापर्यंत जाववत नाही. काम तर त्याने केव्हाच सोडलं.” आणि झिलईवालीकडे वळून, “काय गं, तुझा दीर कसा आहे?”

“आहे तसाच.”

आकडेबाईंच्या हातात चहा आला होता. तो तसाच राहिला. दम गेलेले घरी बसले. दम राहिलेले चढून वर आले. आणि बुवांनी नळी धरली ती वर आलेल्यांच्या तोंडाशी. जुने ठणठणीत निघाले, कारण जे ठणठणीत नव्हते ते तिथे नव्हतेच. यात धूळ पचण्याचा प्रश्नच कुठे होता? पहिल्या वर्षाच्या मुलाला त्या हे शिकवत: समोर आलेलं मोजण्याआधी विचारा, समोर न आलेलं कुठे आहे. बुवांना त्यांनी विचारलं नव्हतं. माणसांचं बुवा बघताहेत, ते त्यांचं क्षेत्र, असं त्या धरून चालल्या. आणि बुवा धरून चालले, की आकड्यांचं बाईंनी बघितलंय. दोन शहाणी माणसं एकमेकांच्या भरवशावर झोपी गेली. अशी चूक एकट्याच्या हातून होत नाही, त्यासाठी माणसांना असं संस्थेत शेजारी-शेजारी बसवावं लागतं.

परतीच्या बसमधे त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. कारखान्याच्या साहेबाने ‘धुळीशी सलगी’ची प्रत मागितली होती. बुवा कौतुकाने सांगत होते, साहेबसुद्धा वाचणार म्हणून. पालट झाला की संस्था सगळ्यांची कामं छापायची, तेव्हा पहिली प्रत त्यालाच जाणार होती. साहेब लोक कामगारांच्या आठवणी वाचायला प्रती मागवत नसतात. उद्या कुणी खोकणारा दारात उभा राहिला की हेच पान त्याच्या तोंडावर मारतील: बघ, अभ्यास झालाय, धूळ बाधत नाही, तूच कच्चा.

संध्याकाळी त्यांनी बुवांचं दार वाजवलं. बुवा टेबलावर जुनं कापड अंथरून पालटासाठी सदरा इस्त्री करत होते.

“बुवा, जरा बोलायचं होतं.”

“कामाबद्दल?”

“कामाबद्दलच.”

“मग नाही.” बुवांनी इस्त्री उभी केली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. “जोड्या लागल्यापासून शेजाऱ्याशी कामाचं बोलायचं नाही, नियम आहे. माझ्या आयुष्यात मी कधी पेपर फोडलेला नाही, बाई.”

“हे नियमाबाहेरचं आहे.”

“नियमाबाहेरचं काही नसतं. मास्तर होतो मी. प्रत्येक मुलगा हेच सांगायचा.” ते हसले. “अहो, पोरं सुट्टीची वाट बघतात तशी मी परवाच्या दिवसाची वाट बघतोय. माझं काम दुसऱ्याच्या तोंडून कसं लागतं, ते एकदा ऐकायचंय मला. आज सांगून त्याची मजा घालवू नका.”

“तुम्हाला आवडणार नाही कदाचित.”

“तुम्ही स्वतःला फार कमी लेखता. जा, झोपा नीट.” आणि त्यांनी दार लावून घेतलं. पलीकडून गुणगुणणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संचालिकाबाईंकडे गेल्या. बाईंचं टेबल म्हणजे पूर्वीच्या पोस्टमास्तरचं, गळ्यापर्यंत उंच. आकडेबाईंनी नाव न घेता विचारलं, की मांडताना शेजाऱ्याच्या कामात मोठा दोष दिसला तर काय करायचं.

“मांडायचं. त्यासाठीच पालट आहे.”

“त्यांना आधी सांगितलेलं बरं, नाही का?”

“मग जोडी बाद. त्यांचा पुढच्या वर्षासाठी विचारच होणार नाही.” संचालिकाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “तुम्हाला मांडायचं नसेल तर नाव मागे घ्या. पण त्यातही ते बाद. तेव्हा काय ते तुमचं तुम्ही बघा.”

म्हणजे आधी बोललं तरी बुवांचं वर्ष जाणार, गप्प राहिलं तर प्रकरण साहेबाच्या खिशात जाणार, आणि सभेत बोललं तर बुवा सगळ्यांदेखत उघडे पडणार. आकडेबाईंनी या तिन्ही वाटा दिवसभर उलटसुलट घोळवल्या. जेवायला बसल्या आणि तशाच उठल्या. दुपारी नवऱ्याला फोन लावला. मागे दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक फ्रेमवरून हुज्जत घालत होतं.

“थोडक्यात सांग, इथे एक साहेब आरशासमोरून हलेनात.”

त्यांनी सांगितलं. थोडक्यात नाही.

“म्हणजे चुकीचा नंबर तू काढून दिलास,” नवरा म्हणाला.

“नंबर बरोबर होता. माणसंच अर्धी होती.”

“तेच. गिऱ्हाईकाला चुकीचा नंबर गेला तर मी काय करतो? नदीत उडी मारतो का? बोलावतो, बसवतो, पुन्हा तपासतो. तो शिव्या घालतो. मी ऐकतो.”

“सगळ्या बाजारादेखत?”

“नाही. एकटा असताना बोलावतो. पण तुझ्या त्या म्हाताऱ्याने कान झाकले असतील, तर बाजारात का होईना, सांगावं लागेल. तो चष्मा घालून कुणी गाडी चालवायला लागला तर?” मग गिऱ्हाईकाला, “अहो, शोभतोय, शोभतोय,” आणि पुन्हा फोनमधे, “जेवलीस का?”

“जेवले,” त्या खोटं बोलल्या.

पालटाच्या दिवशी सभेची खोली भरली होती. बुवा मागच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा, हाताची घडी, ओठ असे घट्ट मिटलेले की जणू मुलगा परीक्षेला बसलाय. आकडेबाई उभ्या राहिल्या. त्यांनी बुवांच्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात केली. फळीपलीकडून वर्षभर ऐकलेलं त्यांना तोंडपाठ होतं. भट्टी उघडल्यावरचा पहिला कप कोण हातात घ्यायचा, फुटक्या बशा कुणाच्या घरी जायच्या, पाळीचा भोंगा बिघडला तेव्हा काय गोंधळ झाला. लोक हसले. नकाशेवाल्याने वहीत काही लिहून घेतलं. बुवांचा चेहरा फुलत चालला होता. इथेच थांबलं असतं तर बुवांचं वर्ष पक्कं होतं. क्षणभर आकडेबाई थांबल्यासुद्धा. लोकांना वाटलं संपलं, एक-दोघांनी टाळीसाठी हात उचलले.

“यात एक भोक आहे,” आकडेबाई म्हणाल्या, “आणि ते मी पाडलंय.”

मग त्यांनी सांगितलं. चढ सांगितला, दुकान सांगितलं, कोण वर येतं आणि कोण येत नाही ते सांगितलं. गट पाडण्याचा सल्ला आपला होता, आणि ही माणसं कुठून आणली, कोण राहून गेलं, हे विचारायचं काम आपलं होतं, हेही. त्या भराभर बोलल्या. शेवटी म्हणाल्या, की या आकड्यांवरून धूळ बाधत नाही असं म्हणता येत नाही. तसं कुणी म्हणत असेल तर त्याला रोखलं पाहिजे. आणि खाली बसल्या. टाळ्या झाल्या नाहीत.

मागे बघायची त्यांची हिंमत नव्हती. बाक सरकल्याचा आवाज आला. बुवा उठले होते. संचालिकाबाईंनी घशातल्या घशात खाकरून आठवण दिली, की उत्तर एकदाच द्यायचं आहे.

“माझ्या वडिलांनी कारखाना मधेच सोडला,” बुवा म्हणाले. तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “घरी बसून असायचे. सगळे म्हणायचे, ह्याला काम झेपलं नाही. काका म्हणायचे, आई म्हणायची. मीही म्हणायचो. त्यांचा आकडा माझ्याकडे नाही. आत्ता कळलं मला, की तो का नाही. प्रकरण मी मागे घेतो. कुणाकडे प्रत गेली असेल तर परत मागवा.”

आणि ते दारातून बाहेर गेले.

संध्याकाळी निकाल लागला. मागे घेतलेल्या कामावर वर्ष देता येत नाही, असं निवड समितीचं म्हणणं. म्हणण्यात काही चूक नव्हती, पण ते ऐकून कुणालाही समितीच्या टेबलाला लाथ घालावीशी वाटली असती. आकडेबाईंना मात्र आणखी एक वर्ष मिळालं. कायद्याच्या भाषेवाल्याने त्यांचं काम फर्मास मांडलं होतं. लोक अभिनंदन करत होते आणि त्यांना वाटत होतं, की दुसऱ्याच्या ताटातलं उचलून आपण तोंड पुसतोय.

बुवांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते ध्वनिफितींचे डबे दोरीने बांधत होते.

“रागावलात?”

“मग काय तुमची मिरवणूक काढू?” बुवांनी गाठ दातांनी आवळली. “आधी सांगायचं होतंत.”

“आले होते. तुम्ही दार लावलंत.”

“लावलं, तर लाथ मारायची होती दारावर. बाई, तुम्ही सगळं तपासता, पण ढकलत काहीच नाही.”

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. जावं की थांबावं हे कळत नव्हतं, आणि ते विचारायचीही भीती वाटत होती.

“डॉक्टरीणबाईंकडून नळी परत मागून घेतलीय,” बुवा डब्याकडे बघतच म्हणाले. “संस्था नसली म्हणून पुस्तक थांबत नाही. खालच्या वस्तीत चुलतभावाकडे खोली आहे. पण मला तिथे एकट्याने जायला जमणार नाही. वडील गेल्यापासून त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही मी. वर चहाच्या दुकानात बरं वाटायचं. सगळे हसतमुख, धडधाकट. मी तिथेच का बसत होतो, ते तुम्ही सभेत सांगितलं नाहीत, एवढी मेहेरबानी.”

“मला ते माहीतच नव्हतं.”

“मलाही नव्हतं. राग आहे तुमच्यावर, आणि तो काही दिवस राहील. तेवढं चालणार असेल तर उद्या चला. पुन्हा एकट्याने मोजायला गेलो तर दुसरीच काहीतरी माती खाईन.”

दुसऱ्या दिवशी दोघं चढाच्या पायथ्याशी उतरले. वस्तीतल्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना एकसारखी बैठी घरं, दारांना एकच हिरवा रंग. कधीकाळी कारखान्यानेच दिलेला. बुवा पुढे चालत होते, मग बरोबर, मग मागे. एका दारापाशी त्यांचे पाय अडकले. हे गोणीवाल्याचं घर. आकडेबाईंनीच कडी वाजवली, आणि वाजवल्यावर त्यांना वाटलं की फार जोरात वाजवली.

एका म्हातारीने दार उघडलं. बुवांना तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मास्तर ना तू? आता आलास होय. नळी घेऊन वर सगळ्यांकडे गेलास म्हणे. हे विचारायचे, आपल्याकडे कधी येणार.”

“विचारायचे?” आकडेबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“अहो, आहेत. असं धसकू नका. हळू बोलतात एवढंच. या आत.”

आत खिडकीशी खाट होती आणि खाटेवर तीन उशांना टेकून गोणीवाला बसला होता. त्याने हाताने बसायची खूण केली. बुवांनी पिशवीतून नळी काढली. गोणीवाल्याने नळी ओठांना लावली, खांदे वर आले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि नळीतला काटा जागचा हलला नाही. तो खोकत राहिला. म्हातारीने पाठ चोळली.

“काय लिहू?” बुवांनी आकडेबाईंना हळूच विचारलं. “शून्य?”

आकडेबाईंनी त्यांच्या हातातून नळी घेतली आणि पिशवीत ठेवली.

“अजून काही लिहू नका,” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची खाटेजवळ ओढून गोणीवाल्याकडे वळल्या. “घाई नाही. खोकला थांबू द्या. मग सांगा, काम सोडलंत त्या दिवसांत तुमच्याबरोबर आणखी कोण कोण सोडून गेलं.”